डब्यांची फाइल अडकायची तेव्हा

मी गाझियाबादला कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. शाळा नववीत सुटली. पुढचं सगळं दुकानात बसून, मोबाइलवर बघून शिकलो, त्यामुळे आपण केलं ते खरंच बरोबर आहे ना, ही धाकधूक कायम असते. घर लातूरकडे. इथे दिवसभर हिंदी. मराठी बोलायला एकच घर होतं, दिल्लीत सरोजिनी नगरजवळच्या काकूंचं.

काकू स्पर्धा परीक्षेच्या मराठी मुलामुलींना डबे देतात. इकडच्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी तापाने पडलो होतो, तेव्हा फारशी ओळख नसताना त्यांनी मऊ भात आणि मेतकूट पाठवलं होतं. ते मी विसरू शकत नाही. म्हणून त्यांना एक छोटा प्रोग्राम करून दिला. कुणाची एकादशी, कुणाचा रोजा, कुणाला कांदा-लसूण चालत नाही, ते काका लॅपटॉपवर भरायचे. काकू डब्यांच्या चिठ्ठ्या छापायच्या आणि डबा निघाला की तशी खूण करायच्या. काका केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले.

एवढ्याशा कामाला मोठा सर्व्हर कशाला? मी हलकासा डेटाबेस घेतला. त्यात सगळ्या नोंदी एकाच फाइलमध्ये राहतात. वाचायला कितीही जण चालतात, लिहायला मात्र एका वेळी एकच. एकाचं लिहून होईपर्यंत दुसऱ्याने थांबायचं. फार थांबावं लागलं तर प्रोग्राम हात वर करतो आणि सांगतो, ‘डेटाबेस इज लॉक्ड’.

एक दिवस काकूंचा फोन आला. “अरे, तुझं ते लॉक्ड परत आलं! पोरीची एकादशी, आणि कालचीच चिठ्ठी लागून तिला पोळीभाजी गेली. यार, मी तिला काय तोंड दाखवू?”

“काकू, मी येतो.”

“ये. पण अजून एकदा अडकलं ना, तर मी फळा आणि खडू काढणार. बिल्कुल.”

फळा आला की माझं काय काम उरणार तिथे? आणि कामाशिवाय कुणाच्या घरी जाऊन बसायची मला सवय नाही.

मी गेलो की सगळं सुरळीत. काका दारातच म्हणायचे, “या, डॉक्टर आले!” लॅपटॉप पुसून ठेवलेला असायचा. मी प्रोग्रामची थांबायची मुदत वाढवली. फाइलची तपासणी केली, ती धडधाकट होती. वरणभात खाऊन परत आलो की दोन-चार दिवसांत पुन्हा फोन. मला वाटायला लागलं, मुळात आपल्यालाच जमत नाही. नववी नापासाने एवढ्या उड्या मारायच्या कशाला?

मग एकदा दुकानाच्या कामाने दिल्लीत आलो होतो, तसाच न कळवता वर गेलो. काका गॅलरीत चहा घेत बसले होते. आत लॅपटॉपवर एक खिडकी उघडी होती. फाइलमधले तक्ते बघायला मी माझ्या सोयीसाठी एक वेगळं साधन टाकून ठेवलं होतं, ते हे. काकांना त्यातले रकाने आवडले होते. नोंदी ते तिथेच भरत होते. त्या साधनात लिहिलेलं तुम्ही पक्कं करेपर्यंत कच्चं राहतं, चिठ्ठीत येत नाही, आणि तोवर लिहायचा हक्क त्याच्याकडेच अडकून राहतो.

“काका, हे साठवलं नाही अजून?”

“कच्चं आहे ते. चहा झाला की पुन्हा एकदा नजर घालणार, मगच पक्कं. अख्ख्या नोकरीत मी एका नजरेत सही केली नाही.”

“आणि मी येतो तेव्हा?”

“तेव्हा सगळं आवरून ठेवतो. पाहुण्यासमोर पसारा बरा दिसतो का?”

स्वयंपाकघरातून काकू ओरडल्या, “अच्छा! म्हणजे चोर घरातच! आणि मी बिचाऱ्या पोराला बोलत होते!”

“चोर कसला? तपासतो म्हणून तुझी मीठ-साखर जागेवर आहे,” काका म्हणाले.

परतीच्या मेट्रोत डोक्यात तेच. ते साधन काढून टाकावं का? पण काकांच्या दुसऱ्या नजरेत चुका सापडायच्या, हेही खरं. शेवटी ठरलं. कच्च्या नोंदींसाठी वेगळा तक्ता करायचा. काका लिहितील ती प्रत्येक ओळ क्षणात त्यात साठेल आणि फाइल लगेच मोकळी होईल. दुसरी नजर घालून झाली की काकांनी एक बटण दाबायचं, आणि सगळ्या नोंदी एकदम पक्क्या.

मध्येच मनात आलं, थोडं अडकूच दिलं तर? आठ-पंधरा दिवसांतून एखादा फोन. मग त्या एकादशीच्या पोरीचा डबा आठवला, आणि तो मऊ भातही. पुढच्या रविवारी जाऊन सगळं नीट बसवून आलो. काकूंनी हातावर लाडू ठेवला.

त्यानंतर फोन आला नाही. पुष्कळ दिवसांनी मीच केला.

“काकू, काही अडकलंय का?”

“नाही रे, एकदाही नाही. तुझी कृपा!” मागे कुकरची शिट्टी झाली. “का रे, काही काम होतं?”

“नाही, सहज.”

“जेवलास का?”

“हो,” मी म्हणालो. तांदूळ अजून धुवायचे होते.