अक्काचे रोखे

मी नांदेडच्या बँकेतून मुदतीआधीच निवृत्त झालो आणि त्याच सुमारास लातूरची माझी थोरली बहीणही सरकारी दवाखान्यातल्या नर्सच्या नोकरीतून मोकळी झाली. आलेल्या पैशांत बायपासला प्लॉट घ्यावा, असं भाच्याचं म्हणणं होतं. अक्कानं मला बोलावून घेतलं.

"सरकारला आपल्यासारखं माणूस पैसे उसने देऊ शकतंय म्हणं. खरं हाय का?"

खरं होतं. पूर्वी सरकारी रोखे बँका आणि विमा कंपन्याच घेत. आता रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर कुणालाही खातं उघडता येतं. मी तिला राज्य सरकारचे रोखे घेऊन दिले. दर सहा महिन्यांनी व्याज आणि मुदत संपली की मुद्दल, एवढं तिला कळलं. भाचा चार दिवस जेवताना बोलला नाही.

पुढं व्याजदर चढले. नवे रोखे जास्त व्याजाचे निघू लागले, तशी जुन्यांची बाजारातली किंमत उतरली. भाच्यानं मोबाइलवर आकडा बघितला.

"माय, घाट्यात गेलीस. मामाला विचार."

अक्का शेंगा फोडत बसली होती. तिनं मला विचारलं, "व्याज थांबलं का?"

"नाही."

"मुद्दल देणार हायत का?"

"मुदतीला पूर्ण देतील. आज विकलेस तरच तोटा."

"मग मी कुठं विकून राहिले?" ती म्हणाली आणि पुन्हा शेंगांकडं वळली. बँकेत असताना हीच गोष्ट मी मोठमोठ्या खातेदारांना समजावून सांगितली होती. त्यातले बरेचजण घाबरून विकून मोकळे झाले होते.

त्यानंतर मध्य प्रदेशातल्या एका महापालिकेनं सामान्य लोकांसाठी रोखे काढले. शहरासाठी पाणी उपसणाऱ्या पंपांना वीज देणारा सौर प्रकल्प उभारायचा होता. ती बातमी मी अक्काला सहज सांगितली. लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात ती दवाखान्यात होती. वॉर्डात पाणी पुरवून वापरायचे दिवस तिनं काढले होते.

"आपल्या गावानं असे रोखे काढले तर मी पयली घेईन," ती म्हणाली. "विचारून तरी येऊ."

मला संकोच वाटत होता, पण गेलो. लातूर महापालिकेच्या लेखा विभागातल्या अधिकारी बाईंनी आम्हाला बसवलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"असं विचारायला आजवर कुणी आलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "पण मावशी, पैसे लावणारा आधी शहराची पत बघतो. शहराची पत म्हणजे लोक घरपट्टी, पाणीपट्टी भरतात का, हे. पैसे फिटणार कशातून? त्यातूनच."

अक्काचा चेहरा उतरला. बाहेर जिन्यावर ती थांबली.

"मी पाणीपट्टी भरत न्हाई," ती म्हणाली. "त्या उन्हाळ्यापासून. नळाला पाणी न्हाई तर पट्टी कशाची, असं सगळ्या गल्लीनंच ठरवलं होतं. नंतर पाणी आलं, पण राहिलं ते राहिलं."

ती परत वर गेली, थकबाकी किती ते विचारून आली आणि दुसऱ्या दिवशी भरून मोकळी झाली. भाचा म्हणाला, "कुणी मागितले होते का?" तिनं पावती घडी घालून डब्यात ठेवली.

शेजारणींनाही तिनं सांगून बघितलं. एक-दोघींनी भरली. एकीनं तिला तोंडावर सुनावलं, "पेन्शन हाय म्हणून सुचतंय तुला." अक्काला ते लागलं. काही दिवस ती ओट्यावर बसायला गेली नाही, मग जाऊ लागली.

मध्य प्रदेशातल्या त्या महापालिकेचे थोडे रोखे मी तिला डीमॅट खात्यावर घेऊन दिले. लातूरचे अजून निघालेले नाहीत. व्याज जमा झालं की तिचा फोन येतो. रकमेबद्दल ती फारसं बोलत नाही. त्या शहरात ऊन कसं असतं, पंप चालण्याइतकं पडतं का, असं एकदा विचारत होती.