दुधाळ गाडीवरची शेळी

तुमच्या शहरातल्या सगळ्यात महागड्या गाडीच्या अंगावरून गेलेली ती बारीक रेष तुम्ही कधी वाकून पाहिली आहे का? की माझ्यासारखे तुम्हीही मान फिरवून, मनातल्या मनात एक शिवी घालून पुढे गेलात?

मी वाकत नसे. तत्त्वाचा प्रश्न होता. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. आबा, म्हणजे माझे वडील, पेंटर. संपाच्या भिंती, मोर्चाचे फलक, सभेचे कापडी बोर्ड, सोलापुरात निम्म्याहून जास्त त्यांच्या हातचे. आई पत्रकांच्या घड्या घालायची आणि उरलेल्या गुलाबी कागदात माझी भाकरी बांधून द्यायची. मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्या कागदांवर. शाळेत निबंधाच्या वहीत बाईंनी शेरा मारला होता, ‘प्रत्येक वाक्य ओरडून का सांगतेस?’ मला प्रश्नच कळला नव्हता. आमच्याकडे वाक्यं तशीच असायची.

तर ती गाडी. अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्याच्या मालकांनी घेतली. दुधाळ पांढरी, लांब नाकाची, समोरून पाहिली तर देवळाचं बंद दार वाटावं अशी उभी चांदीसारखी जाळी. त्या जाळीच्या वर एक छोटीशी मूर्ती. मागची दारं उलट्या बाजूनं उघडतात. दारात छत्री ठेवायला वेगळी खाच, सोलापुरात, जिथं छत्री वर्षातून मोजून चार वेळा उघडते! आणि आत छताला बारीक बारीक दिवे, चांदण्यांसारखे. ही सगळी माहिती मला कुठून? त्या गाडीचे ड्रायव्हर जुळे सोलापुरात आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतात. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. चाचांना गाडीबद्दल विचारलं नाही तरी ते सांगतात.

गाडी आली त्याच उन्हाळ्यात मी त्या कारखान्याच्या गेटवर पत्रक वाटलं होतं. ‘मालकांच्या डोक्यावर चांदण्या, कामगारांच्या डोक्यावर तापलेला पत्रा!’ आत सहा मोठे पंखे बसवा, ही मागणी. भाषा माझी, कागद पिवळा.

आणि एका रविवारी सकाळी चाचा वर आले, चहा घेतला आणि आबांना म्हणाले, “पेंटर, तुमकू मालक बुलारे. गाडीकू लकीर मारनी है.”

मी आतून ओरडले, “नाही जायचं!”

“तेरेकू नै बुलाए,” चाचा शांतपणे म्हणाले.

झालं होतं ते असं. मालकांची आई, घरात सगळे तिला अव्वा म्हणतात, ऐंशीच्या घरातली. गाडी आल्यापासून ती रोज सकाळी नाकावरच्या त्या मूर्तीला हळद-कुंकू वाहायची. मूर्ती आहे म्हटल्यावर देवी आहे, यात तिला शंका नव्हती. एकदा तिनं कुंकू लावलं आणि चाचांनी गाडी लॉक केली, तर मूर्ती खाली सरकून आत गेली. ती तशी जातेच, चोरीला जाऊ नये म्हणून. पण अव्वा घाबरली. देवी रागावली! म्हणून तिनं मागच्या दारावर तेलात कालवलेल्या कुंकवाचं मोठं स्वस्तिक काढलं. ते दिवसभर उन्हात भाजलं. दुसऱ्या दिवशी डाग निघेना, तेव्हा समया घासतात तसं तिनं चिंच आणि काथ्या घेऊन दार घासलं. मनापासून घासलं. पॉलिशवाल्यानं नंतर पांढरा रंग जागेवर आणला, पण दारावरून जाणारी डाळिंबी रंगाची रेष वीतभर उडाली ती उडालीच.

मुंबईहून कंपनीनं कळवलं की ती रेष स्टिकर नाही. तिकडे परदेशात एक माणूस ब्रशनं हातानं ओढतो. थांबावं लागेल. मालक थांबायला तयार होते, अव्वा नव्हती. तिनं जाहीर केलं होतं की गाडीची जखम भरेपर्यंत ती त्या गाडीत बसणार नाही. तेव्हापासून ती रिक्षानं हिंडत होती आणि गाडी तिच्या मागून रिकामी.

“हातानं ओढतो?” आबांनी विचारलं. एवढंच विचारलं. पण कप खाली ठेवताना त्यांचे डोळे मी पाहिले आणि माझी बाजू हरली हे मला कळलं.

फ्लेक्स आले आणि आबांचं काम गेलं. आता ते एका फ्लेक्सच्या दुकानात बॅनरच्या कडेला रिंगा ठोकतात. चार वर्षांत त्यांनी ब्रश भिजवला नव्हता. वाढदिवसाच्या शुभेच्छांना भोकं पाडून पाडून हात जड झाले होते, बशीत चहा ओतताना सांडायचा. हात राहिलाय की गेला, हे त्यांनाच एकदा बघायचं होतं, आणि बघायची भीतीही वाटत होती.

“आबा, तुम्ही संपाच्या भिंती रंगवल्यात. आता मालकाची गाडी सजवणार?”

“भिंत पण भिंतच व्हती की. तिला कुटं ठावं हुतं संप हाय का लग्न.”

“मी पत्रक काढलंय त्यांच्याविरुद्ध!”

“मग काढ की दुसरं. मी रेष काढतो.”

त्यांनी पावडरच्या जुन्या डब्यातून तो ब्रश काढला. आमचं मूळ घर सांगोल्याकडचं, मेंढरं-शेळ्या राखणाऱ्यांचं. लांब रेषेसाठी आबा बाजारचा ब्रश कधी वापरत नसत. शेळीच्या कानामागचे लांब मऊ केस घेऊन ते स्वतः ब्रश बांधायचे. आणि आपल्या प्रत्येक बोर्डाखाली सहीच्या जागी नाव न लिहिता एक शेळी काढायचे. दोन वाकड्या रेघा म्हणजे शिंगं, खाली एक टिंब. झाली शेळी.

पुढचे तीन दिवस घरात सराव चालला. पहिल्या दिवशी फ्रिज. रेष अशी थरथरली की आई म्हणाली, “ही रेष हाय का भूकंप?” दुसऱ्या दिवशी कपाट, पाण्याचं पिंप, माझा डबा. तिसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला निघाले तर माझ्या स्कूटीला दोन्ही बाजूंनी डाळिंबी रेषा. सात रस्त्याच्या सिग्नलला एका रिक्षावाल्यानं विचारलं, “ताई, लई भारी, कुटं मारून घेतली?” सिग्नल सुटला तशी मी स्कूटी पुढे काढली. पण संध्याकाळी आरशातून दिसेना म्हणून स्कूटी उभी करून, खाली बसून ती रेष पाहिली. सरळ होती. सुरेख होती. मला राग आला आणि आनंद झाला, दोन्ही एकदम.

चौथ्या दिवशी मी आबांबरोबर गेले. लक्ष ठेवायला, असं मी आईला सांगितलं.

बंगल्याच्या पोर्चमध्ये गाडी उभी होती. जवळून ती फोटोतल्यापेक्षा गप्प वाटते. आबांनी तिच्याकडे, त्या जाळीकडे, मूर्तीकडे पाहिलंसुद्धा नाही. चष्मा पुसला, जमिनीवर बसले आणि चांगल्या राहिलेल्या पुढच्या दाराच्या रेषेला नाक लावलं. बराच वेळ तसेच. मग मला हाक मारली.

“हितं बघ. हितं त्यानं श्वास सोडलाय.”

मी वाकले. तेव्हा पहिल्यांदा वाकले. खरंच, त्या निर्दोष रेषेत एका जागी केसभर जाडी वाढली होती आणि लगेच सावरली होती.

“दम धरून वडत आला, हितं न्हाय निभावलं. पर सावरलंय बघ कसं! लई गुणाचा माणूस हाय.”

साता समुद्रापलीकडचा एक माणूस, ज्याचं तोंड आम्ही कधी पाहणार नाही, आणि आबा त्याला कामावरच्या जोडीदारासारखे ओळखत होते. जगातल्या कामगारांच्या एकजुटीबद्दल मी इतकी पत्रकं लिहिली, पण ती मला कधी अशी नखाएवढ्या जागेत दिसली नव्हती.

मालक बाहेर आले. मोठ्यानं बोलणारे गृहस्थ, समोरच्या फुटपाथवरच्यानं उत्तर द्यावं इतक्या मोठ्यानं. मला पाहून थबकले.

“पत्रक वाटणारी तूच ना?”

“हो. आणि पंखे सहा लिहिले होते. दोनच आलेत.”

“बाकीचे येतायत! चांदण्यांचं तुला कुणी सांगितलं?”

चाचा अचानक टायर पुसू लागले.

आबांनी मध्येच सांगून टाकलं, “मालक, वीतभर तुकडा जोडून चालायचं न्हाय. जोड दिसतो. या दारावरची सगळी रेष पुसतो आन् फटीपासनं फटीपर्यंत एका दमात वडतो.”

“चांगली आहे ती पुसणार? परदेशातली?”

“व्हय.”

“आणि नाही जमली तर?”

आबा ब्रशचे केस बोटांनी सरळ करू लागले. तोच प्रश्न आमच्या घरात चार वर्षं होता.

व्हरांड्यात खुर्चीवर अव्वा बसली होती. ती मुलावर ओरडली, “पुसू दे रे! माझ्यापेक्षा वाईट काय करेल तो?”

आबांनी रेष पुसली. एका जुन्या फरशीच्या तुकड्यावर रंग घेतला, ब्रश लोळवून लोळवून भरला. करंगळी दाराच्या कडेला टेकवली. आणि निघाले. हात नाही, अख्खे आबा निघाले, गुडघे, कंबर, खांदा, सगळं एकत्र बाजूला सरकत. मी श्वास कधी रोखला मला आठवत नाही. मालकांनीही रोखला असावा, कारण त्या पोर्चमध्ये पहिल्यांदाच शांतता होती. दाराच्या मधोमध ते केसभर थांबल्यासारखे वाटले. मग ब्रश पुढे गेला, फटीपर्यंत पोचला आणि अलगद उचलला गेला.

रेष सरळ होती. ओली, चमकणारी, डाळिंबाच्या दाण्यासारखी.

चाचा म्हणाले, “वा पेंटर! हौ, अब हुई गाडी.”

आणि त्या आनंदात, मान खाली असतानाच, चाळीस वर्षांच्या सवयीनं आबांचा हात आणखी बोटभर खाली गेला. दोन वाकड्या रेघा. एक टिंब.

ज्वारीच्या दाण्याएवढी शेळी. सोलापुरातल्या सगळ्यात महागड्या गाडीवर.

आबांना ते आधी कळलं नाही. मालकांना कळलं. “हे काय आहे?”

“शेळी,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

“माझ्या गाडीवर शेळी?”

आबांचा चेहरा पडला. “चुकलं मालक. हात गेला. माझी सही हाय ती, बोर्ड संपला की हात आपसूक जातोय. पुसतो.” त्यांनी घाईनं फडकं उचललं.

“कंपनीच्या माणसानंसुद्धा सही केली नाही हो पेंटर!”

“केली असंल,” आबा पुटपुटले. “दिसत न्हाय, इतकंच.”

“वद्दु!” व्हरांड्यातून आवाज आला. नको, थांब. अव्वा काठी टेकत खाली उतरली, वाकली आणि तिनं डोळे बारीक करून पाहिलं. मग हसायला लागली. दात नसलेलं, खांदे हलवणारं हसू. “मेकपिल्ला! शेळीचं पिल्लू! ही आत पळणार नाही ना रे, त्या देवीसारखी?”

“न्हाय अव्वा,” आबा म्हणाले. “ही हितंच चरंल.”

“मग राहू दे.” तिनं मुलाकडे बघितलं. “तुझा बाप मागावर टॉवेल विणायचा, तेव्हा काठाला एक लाल धागा टाकायचा. कशाला टाकायचा? कुणी विणला ते कळायला. विसरलास?”

मालकांनी त्या शेळीकडे पुन्हा पाहिलं. मग मलाच सांगितल्यासारखे, नेहमीपेक्षा हळू आवाजात बोलले. खाली माग आणि वर घर, अशा जागेत त्यांचं लहानपण गेलं. खटखट, रात्रंदिवस. म्हणून आवाज मोठा झाला. “लोक म्हणतात शान मारायला घेतली. मारतो की शान! पण पहिल्यांदा दार लावून आत बसलो ना, तेव्हा काहीच ऐकू आलं नाही. म्हटलं, हीच पाहिजे.”

“तुमच्या कारखान्यात आजही तेवढाच आवाज आहे,” मी म्हणाले.

“लिही. पुढच्या पत्रकात लिही,” ते म्हणाले, आणि खरं सांगते, ते चिडले नव्हते. मी लिहिणार आहे. चार पंखे आणि आवाज, दोन्ही.

रंग वाळल्यावर चाचांनी आम्हाला घरी सोडलं. अव्वा हट्टानं बरोबर आली, आबांच्या शेजारी मागच्या सीटवर, शेळीच्या बाजूला. मी पुढे. आत खरंच काही ऐकू येत नव्हतं. पाय खालच्या लोकरीच्या गालिच्यात बुडाले होते. चाचा प्रत्येक स्पीडब्रेकर झोपलेला नातेवाईक असल्यासारखा ओलांडत होते. आबा छताच्या चांदण्या पाहत होते आणि उजव्या हाताची बोटं मिटत-उघडत होते. हात होता. अजून होता.

गाडीबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. एका माणसाच्या शांततेसाठी एवढी महाग गाडी लागू नये, असं मला आजही वाटतं. पण वाकून बघितल्याशिवाय मी आता कशावरही लिहीत नाही.

तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. तुमच्या गावात, तुमच्या गल्लीत एखादा पेंटर कुठेतरी रिंगा ठोकत बसला असेल. दुकानाची, शाळेची, दवाखान्याची पाटी पुढच्या वेळी करायची असेल तेव्हा फ्लेक्सवाल्याकडे जाऊ नका. त्याला शोधा, हातानं रंगवून घ्या. आणि खाली उजव्या कोपऱ्यात थोडी जागा मोकळी सोडा, त्याच्या शेळीसाठी.