भाऊबीजेला सायकलनं केशोरी

दवनीवाड्याहून केशोरीला जायचं तर शहाणा माणूस गोंदियाला छोट्या आगगाडीत बसतो आणि अर्जुनीला उतरतो. मी तेव्हा शहाणा नव्हतो, नव्याकोऱ्या सायकलचा मालक होतो. धाकट्या बहिणीची लग्नानंतरची पहिली भाऊबीज. बाबा म्हणाले, "गाडीनं जाय." झालं, माझं डोकं फिरलं. सायकल काय ओसरीत पुजायला घेतली होती? "सायकलनंच जाईन, अन् भाऊबीजेचा दिवस बुडायच्या आत पोहोचीन!" असं ठणकावून सांगितलं. मायनं लुगडं आणि अनारशांचा डबा बांधून दिला. "तू जाईपर्यंत पोरगी तोंडात पाणी घेणार नाही. रस्त्यात रमू नको," ती म्हणाली. मला ती पुरती ओळखून होती.

पाडव्याला पहाटेच निघालो आणि संध्याकाळी कोहमाऱ्याच्या तिठ्यावर मुक्काम केला. रायपूरकडचे ट्रक थांबायचे तिथं. हाटेलवाल्यानं बाकडं दिलं आणि विचारलं, "साइकिल से केशोरी? कोई सजा मिली है क्या, भैया?" तेव्हा मला राग आला, पण दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलच्या गादीवर बसताना त्याचं म्हणणं पटलं. दर दोन कोसांवर उतरून चालल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आता चालायचंच तर माणूस इकडंतिकडं पाहणारच की!

कापलेल्या धानाच्या बांधीत सारसांची जोडी उभी होती. नवरा मान वर करून ओरडायचा, लगेच बायको त्याच्यावर ओरडायची. घरचीच आठवण झाली. सायकल आडवी टाकून मी त्यांचं भांडण मिटेपर्यंत पाहिलं. पुढं सागवानातून चालत नवेगावच्या तलावावर आलो आणि माझे पायच निघेनात. एवढं पाणी मी जन्मात पाहिलं नव्हतं. काठाशी एक म्हातारा ढिवर जाळं झाडत होता. मी पलीकडच्या सात डोंगरांची नावं विचारली तसं त्यानं तिकडं हात केला. "ह्या सात बहिणी."

पाळीवर, तलावाच्या बांधावर, तासभर चाललो, मग म्हाताऱ्याजवळ येऊन पाय पाण्यात सोडून बसलो. कुठं चाललो, कशाला चाललो, सगळं त्याला सांगून टाकलं. माझ्या तोंडाला कुलूप कधीच नव्हतं. म्हातारा जाळं खांद्यावर टाकून उठला. "सात बहिणी कवापासून पाहून राहिला, आपल्या एका बहिणीकडं कवा जाशील?"

लाजून सायकलवर बसलो आणि अर्जुनीपर्यंत इमानेइतबारे हाणली. पण भाऊबीजेपासून आमच्याकडं गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू होतात, त्याला मी काय करणार? अर्जुनीच्या पुढं एका गावात मंडई भरली होती. ढोलकी वाजत होती, दंडारीचा खेळ रंगात आला होता आणि बाईच्या सोंगातल्या गड्याची मिशी पदराआडून दिसत होती. हसून हसून पोट दुखलं. गरम भजी खाल्ली, जिलेबी खाल्ली, उकडलेले शिंगाडे खिशात भरले.

केशोरी कोसभर राहिली तेव्हा दिवस बुडाला. सायकल हातात धरून चालू लागलो, तर समोर झाडांच्या वर बीजेची चंद्रकोर. हवेत धानाच्या नव्या तणसाचा वास. अहाहा! मी शेताच्या धुऱ्यावर टेकलो, खिशातले शिंगाडे सोलत ती कोर झाडांत बुडेपर्यंत पाहत बसलो. सबंध प्रवासात इतकं सुख कुठं वाटलं नव्हतं, खरं सांगतो.

बहिणीच्या अंगणात पोहोचलो तर शेजारच्या बायका घरोघर परतत होत्या आणि तबकातलं निरांजन विझलं होतं. तिची सासू म्हणाली, "दिवसभर रस्त्याकडं पाहून राहिली होती. चांद बुडाले आला, मंग त्यालेच ओवाळलन." आमच्याकडं ज्या बाईला भाऊ नाही, ती चंद्राला भाऊ मानून ओवाळते. सगळ्या गल्लीदेखत माझ्या बहिणीनं ते केलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती दारात आली. ओठ सुकले होते, डोळे लाल. "काऊन आला? माझा भाऊ टायमावर येऊन गेला."

"त्यानं लुगडं आणलं का?" मी निर्लज्जासारखं विचारलं.

ती रडता रडता फिस्सकन हसली. मग निरांजन पुन्हा पेटवलं, मला ओवाळलं आणि तेव्हा कुठं घोटभर पाणी प्यायली. जेवताना मी तिला सारस, तलाव, मिशीवाली बाई, सगळं रंगवून सांगितलं. हसून तिला ठसका लागला. "दादा, मंडईहून मंग सीधा आला?"

"सीधा," मी म्हणालो. "कुठीच थांबलो नाही."

ती अंगणात तबक फिरवत होती, नेमकं तेव्हाच मी धुऱ्यावर बसून तोच चंद्र पाहत शिंगाडे खात होतो. एवढं एकच मी तिला सांगितलं नाही.

आता आम्ही दोघंही म्हातारे झालो. दर भाऊबीजेला ती नातवंडांना ही गोष्ट सांगते. मला हसते, नावं ठेवते आणि शेवटी माझ्या पाठीवरून हात फिरवते. "मी तिकडं चांदोबाले ओवाळून राहिली होती," ती म्हणते, "अन् माझा दादा बिचारा जीव खाऊन सायकल हाणून राहिला होता."

मी मान खाली घालून अनारसा खातो.