कडूबाईची गणेशवेल

गोकुळ पैठणहून शहरातल्या छावणी भागात दुधाचा टेम्पो आणायचा. सहा वर्षांपूर्वी एका वळणावर कडूबाई नावाची म्हातारी अचानक रस्त्यात आली आणि तिला टेम्पोची धडक बसली. त्यानं तिला उचलून टेम्पोत घातलं, पण दवाखाना गाठेपर्यंत ती गेली होती. चौकशीत त्याची चूक निघाली नाही. टेम्पो धुताना मात्र त्याला सीटखाली काळ्या बियांची पुडी सापडली.

ती फेकवेना, म्हणून त्यानं बी अंगणात लावलं. श्रावणात गणेशवेल कुंपणावर चढली, लाल चांदण्यांसारख्या फुलांनी भरली आणि दिवाळीनंतर वाळून गेली. गोकुळनं तिचं बी गोळा केलं. दरवर्षी तो ते पुन्हा लावी. फुलं उमलली की त्याला वाटे, कुंपणापाशी कुणीतरी उभं आहे.

"दरसाली तिला घरी कशाला आणता?" बायको सोनिया चिडायची.

"मी नाय आणली तर ती जाईल कुठं?"

यंदा तो पुडी घेऊन कडूबाईच्या लेकीकडं, संध्याकडं गेला. आपण कोण ते त्यानं दारातच सांगितलं.

संध्यानं त्याच्या हातातली पुडी घेऊन उघडून पाहिली. मग म्हणाली, "माय त्या दिवशी माझ्याकडंच निघाली होती. हेच बी घेऊन." तिनं निम्मं बी ठेवून घेतलं आणि बाकीचं परत दिलं. "लई उशीर केला, भाऊ. पण तुमीबी लावत जा."

गोकुळ अजून टेम्पो चालवतो. त्या वळणावर रस्ता मोकळा असला, तरी तो गाडी थांबवतो आणि एखादी म्हातारी रस्ता ओलांडेल एवढा वेळ वाट पाहतो.