आईच्या नावावरची जागा

अंबिकाला भूकंपग्रस्तांचा हेवा वाटायचा. असलं काही तोंडातून निघालं असतं तर मामी पंचफुलाबाईनं हातातलं उलथनं फेकून मारलं असतं, म्हणून ती कधी बोलली नाही. पण वाटायचा, आणि पोटात आग पडल्यासारखा वाटायचा.

ती जन्मली निलंगा तालुक्यातल्या एका गावात, लक्ष्मणरावाच्या घरी. तिची आई गंगम्मा. आईचा भाऊ शेषेराव उमरीच्या मोंढ्यात धान्याचा काटा करायचा, त्याला पोरबाळ नव्हतं. अंबिका शाळेत जाण्याजोगी झाली तशी गंगम्मानं तिला उचलून भावाच्या ओटीत घातलं. कागदोपत्री दत्तक वगैरे काही नाही. मामाच्या रेशनकार्डावर नाव चढलं, एवढंच. दिवाळीला आणि उन्हाळ्यात ती गावाकडं यायची, सुट्टी संपली की परत उमरी. धाकटी शिवगंगा मात्र आईपाशीच राहिली. आईचा पदर, आईची कूस, आईच्या शिव्या, सगळं तिला एकटीला.

त्र्याण्णवच्या भूकंपाच्या त्या पहाटे माळवदाचं घर खाली बसलं. दगडमातीच्या भिंती होत्या, हातभर जाड. गंगम्मा शिवगंगाच्या अंगावर पालथी पडलेली सापडली. वर आई, खाली लेक. आई गेली, लेक जिवंत निघाली. लक्ष्मणराव शेतात जागलीला होता म्हणून वाचला. उमरीहून मामा अंबिकाला घेऊन पोचला तोवर गावातल्या चिता विझल्या होत्या.

अंबिका रडली, लई रडली. पण रडता रडता एक गोष्ट तिच्या मनात रुतून बसली. आईनं शेवटी कुणाला अंगाखाली घेतलं? शिवगंगाला. मी असते तर कुणाला घेतलं असतं?

पुढं सरकारी माणसं आली, घरोघरचं लिहून घेतलं. अंबिका तलाठ्यापुढं जाऊन उभी राहिली. "सायेब, आई माझीबी मेली."

तलाठी माणूस वाईट नव्हता. "मेली माय, कोण न्हाई म्हणतंय? पण तुझं नाव उमरीच्या कार्डावर हाय. तू भूकंपग्रस्त कशी होशील?"

म्हणजे एकाच आईच्या दोन लेकी, आणि आई गेली ती सरकारच्या हिशेबानं एकीचीच.

दहावी झाल्यावर अंबिका लातूरला आली. त्या काळात सगळा मराठवाडाच लातूरला येत होता. गल्लीगल्लीत क्लास, घराघरात पोरापोरींच्या खोल्या, आणि खोलीखोलीत डॉक्टर व्हायला निघालेलं कुणीतरी. अंबिकाला डॉक्टर व्हायचं नव्हतं. तिला बाई व्हायचं होतं, शाळेतली बाई. हातात डी.एड. पडलं की जिल्हा परिषदेची शाळा मिळायची, आणि एकदा मिळाली की ती कुणाच्या मेहरबानीची राहायची नाही. मामाच्या घरी तिला काही कमी नव्हतं. पण जन्मभर दुसऱ्याच्या कार्डावर राहिलेल्या पोरीला स्वतःचं असं काही हवं असतं.

बारावीनंतर पहिल्या वर्षी यादी थोडक्यात हुकली. वर्षभर एका क्लासवाल्याच्या पोरांच्या वह्या तपासत तिनं लातुरातच दिवस काढले आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा अर्ज भरला. तेव्हा तिला कळलं की डी.एड.च्या त्या इमारतीला बाहेरून एकच दार दिसतं, पण आत जायच्या वाटा भरपूर आहेत. खोलीतली मैत्रीण कहकशां उर्दू माध्यमाच्या यादीतून लागली, तिकडं अर्जच कमी आले होते. क्लासवाल्याचा पुतण्या संस्थेच्या कोट्यातून बसला. कुणी माजी सैनिकाच्या जागेवर, कुणी धरणात जमीन गेली म्हणून, तर कुणी आधीच शाळेत शिकवत होतं म्हणून आत गेलं. अंबिका बोटं मोडत राहिली.

"अगं, जलती काय को? तू बी शिकायचं होतं उर्दू," कहकशां हसत म्हणाली. ती उदगीरची, तिची मराठी अशीच दोन पायांवर चालायची.

"तुझं बरं हाय बाई. तुला वाट हाय."

"वाट हाय तर चालना भी पडतं ना? बारा वर्षं मी उर्दूत मार खाल्ली, तवा तू कुटं होती?"

हे अंबिकाला पटलं. पण खरी आग वेगळीच होती. त्याच वर्षी शिवगंगा बारावी झाली, गावच्या पत्र्याच्या शाळेतून, अंबिकाहून पुष्कळ कमी मार्कांनी. आणि भूकंपग्रस्तांच्या राखीव जागेवर तिचं नाव झळकलं. खुल्या यादीत अंबिका पुन्हा बाहेर राहिली होती. वेटिंगला पहिली. म्हणजे दाराच्या उंबऱ्यावर उभी, पण आत नाही.

वर लक्ष्मणरावाचा निरोप आला. शिवगंगाला लातूरचं काही कळत न्हाई, तू माहितगार हायस, प्रवेशाच्या दिवशी तिच्यासंगं जा.

गेली. न जाऊन सांगते कुणाला?

अध्यापक विद्यालय जुन्या दगडी इमारतीत होतं. प्रवेशाचं काम माडीवर चाललेलं. शिपाई सज्जात येऊन नाव पुकारायचा. तीनदा पुकारायचं, माणूस हजर झालं नाही की जागा गेली. राखीव जागा तशी रिकामी राहिली तर ती खुल्या वेटिंगला जाणार, हे फळ्यावरच लिहिलं होतं. अंबिकानं ते एकदा वाचलं, आणि मग पाठ करायचं असल्यासारखं पुन्हा वाचलं.

खाली कडुलिंबाला पार होता. दोघी तिथं बसल्या.

"शिवगंगा लक्ष्मणराव!" वरून पहिला पुकारा झाला.

शिवगंगा उठली, जिन्यापर्यंत गेली आणि थांबली. मान वर करून तिनं दगडांकडं पाहिलं. जाड दगड, वर लाकडी तुळया, त्यावर माडी. एक पाय पायरीवर ठेवला, काढला. मग परत पाराशी आली. तिच्या वरच्या ओठावर घाम होता.

"काय गं?"

"अक्का, मला न्हाई जमत."

"काय न्हाई जमत? सही तर करायची."

"त्याच्या खाली… दगडाच्या खाली." तिला पुढचं बोलवेना. गावची शाळा पत्र्याची, घर पत्र्याचं, झोपणं अंगणात. त्या पहाटेपासून दगडी छताखाली ती गेलीच नव्हती, आणि हे तिनं कुणाला सांगितलंही नव्हतं.

अंबिकाच्या छातीत काहीतरी जोरानं धडधडलं. ते दुःख नव्हतं. त्याचं नाव तिला चांगलं माहीत होतं.

"शिवगंगा लक्ष्मणराव!" दुसरा पुकारा.

तिला काहीच करायचं नव्हतं, नुसतं बसून राहायचं होतं. ढकलायचं नाही, खोटं बोलायचं नाही, कुणाचं ओरबाडायचं नाही. ही आपल्या भीतीनंच मागं राहते आहे, आपला काय दोष? ती पारावरची वाळकी लिंबोळी बोटानं फिरवत बसली. फिरवता फिरवता नेमणुकीचं गावसुद्धा ठरवून झालं. उमरीच्या जवळपास. मामाला म्हातारपणी बरं.

तेवढ्यात शिवगंगानं तिचं मनगट धरलं.

"अक्का, तू जा. तुझं नाव पुढं हाय ना? माझी जागा तू घे."

बस्स. तिथंच सगळं बिघडलं.

अंबिकाच्या अंगाचा तिळपापड झाला. ही मला देणार? हिनं टाकलेलं मी उचलायचं? आईबी हिला, आईची शेवटची रातबी हिला, आणि आता वरून दानशूरपणबी हिलाच? उद्या गावभर होणार, धाकटीनं थोरलीसाठी जागा सोडली. आणि मी जन्मभर तिच्या उपकाराची शाळा चालवायची?

"मेले तरी घेणार न्हाई," ती दात खाऊन म्हणाली आणि जिना चढत सुटली.

वर तिसरा पुकारा चालू असतानाच ती आत घुसली. "हजर हाय!"

टेबलामागचे साहेब म्हणाले, "तू शिवगंगा?"

"न्हाई. मी अंबिका, वेटिंगची पहिली. ती खाली बसलीय. ती वर येणार न्हाई."

"येणार नाही तर संपलं. उमेदवारानं समक्ष सही करायची असते."

"समक्षच करंल की! तुम्ही खाली चला." तिचा आवाज चढला. "सायेब, भूकंपाची म्हणून जागा देऊन राहिलात, अन् ती घ्यायला पोरीला दगडाच्या माडीवर बोलावून राहिलात. तिच्या अंगावर असलंच घर पडलं होतं."

शेजारी बसलेले कारकून अमृतराव आधी हसले, मग त्यांचं हसू विरलं. ते औशाकडचे, भूकंप पाहिलेले. त्यांनी रजिस्टर काखेत मारलं. "मी जातो सर. लिंबाखाली बी सही उमटती."

जिन्यात त्यांनी अंबिकाला हळूच विचारलं, "तिची सही झाली की तुझं गेलं, कळतंय ना पोरी?"

"कळतंय."

"सख्खी बहीण?"

"हाव. म्हणून तर."

अमृतरावांना त्याचा अर्थ भलताच लागला. त्यांचे डोळे पाणावले.

शिवगंगानं पारावर रजिस्टर ठेवून सही केली. अक्षर वाकडं आलं. पुढं विद्यालयानं तिचे वर्ग खालच्या पत्र्याच्या हॉलमध्ये बसवले, तेही अमृतरावांच्याच खटपटीनं.

बसस्टँडवर शिवगंगा म्हणाली, "अक्का, तू लई मोठ्या मनाची हायस. मी का म्हणले सांगू? ती जागा…"

"गप बस," अंबिका म्हणाली. आणि निलंग्याची गाडी येईपर्यंत ती तोंड फिरवून उभी राहिली.

तिसऱ्या वर्षीही यादी हुकली आणि मामाचा धीर संपला. अंबिकाचं लग्न नांदेडच्या बालाजीशी झालं. तो रेल्वे ऑफिसाकडं ऑटो चालवायचा. अंबिकानं घरापुढं पत्रे टाकून चौथी-सातवीच्या शिष्यवृत्तीचे क्लास काढले, आणि लातूरचं वारं नांदेडला लागलं तसे ते भरभरून चालले. पोरं तिला म्याडम म्हणतात, पालक वाकून नमस्कार करतात. पण एखादं पोरगं सहज म्हणालं, "आमच्या सरकारी शाळेतल्या बाई असं सांगत्यात," की तिच्या हातातला खडू मोडतो.

प्रत्येक लग्नाकार्यात लक्ष्मणराव चारचौघांत सांगायचा, "माझ्या अंबिकानं बहिणीसाठी पदरची जागा सोडली. अशी लेक मिळायला पुण्य लागतं." बायका तिच्याकडं कौतुकानं बघायच्या. अंबिका ताटातली बुंदी चिवडत बसायची. खरं काय ते तिला एकटीला ठाऊक होतं. जळून केलेल्या कामाला लोक माया म्हणून ओवाळत होते.

परवा शिवगंगा आली होती. आता ती मुख्याध्यापिका आहे, चष्मा लागलाय. क्लास चालू असतानाच येऊन मागं बसली. पत्र्याखाली तिला बरं वाटतं. पोरं गेल्यावर अंबिकानं चहा टाकला, मोठ्या डब्यातनं लाडू काढला.

शिवगंगा लाडवाकडं बघून हसली. "आई तू यायच्या आधी असाच डबा भरून ठेवायची. आम्हाला हात लावू द्यायची न्हाई. अंबी येणार हाय, अंबीला देऊ दे आधी."

"काय सांगतीस?"

"मग! मला रोजचे दणके, अन् तुला लाडू. तू आलीस की नवी साडी नेसायची बया. तू गेलीस की दोन दिवस कुणाशी धड बोलायची न्हाई. मी लई जळायचे तुझ्यावर."

अंबिकानं हातातला रिकामा कप खाली ठेवला.

"म्हणून तर त्या दिवशी पारावर म्हणले, तू घे. ती जागा आईच्या नावावर मिळाली होती. अन् आई माझ्यापरीस तुझीच जास्त होती."

"तवाच का न्हाई बोललीस गं?"

"बोलत होते की बसस्टँडवर. तूच म्हणलीस, गप बस."

चहा उतू चालला होता. अंबिकानं गॅस बंद केला, पाट ओढला आणि बहिणीच्या पुढ्यात येऊन बसली.

"लाडू कशाचे करायची?" तिनं विचारलं. "अन् ते साडीचं पुन्यांदा सांग. सावकाश."