नागसेनच्या कॉमेंट गेल्या कुठं?

गणपती चौगलेला बंद वस्तू बघवत नाही. घरात नवा मिक्सर आला, तर पहिली चटणी वाटायच्या आधी त्याचं बूड उघडलेलं असतं. या खोडीपायी त्याच्या बायकोनं, आक्काताईनं, एक चांगला रेडिओ आणि माहेरचा पंखा गमावलाय. गणपतीची निम्मी हयात कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत गिअरच्या कारखान्यात गेली. पंचतारांकित म्हणजे काय, तर चहाची टपरीसुद्धा गेटापासून फर्लांगभर लांब. पण नाव मात्र झोकात.

रिटायर झाल्यावर माणसं देवदेव करतात, यानं पुस्तक लिहिलं. मशीन बिघडायच्या आधी कसा आवाज करतं, बेल्ट सैल झाल्यावर काय ऐकू येतं, असलं सगळं त्यात होतं. ते एकट्याचं नव्हतंच म्हणा. कारखान्यात त्याच्याच मशीनवर दुसऱ्या पाळीला नागसेन कांबळे असायचा. पाळी बदलताना गणपती रजिस्टरात मशीनची हकिगत लिहायचा आणि नागसेन येऊन समासात शेरा मारायचा, 'बेअरिंग न्हाय, कपलिंग बघ.' पुस्तकही दोघांनी त्याच रीतीनं केलं. गणपती वर्डमध्ये टाइप करून फाइल पाठवायचा, नागसेन उजवीकडं कॉमेंट टाकून परत धाडायचा. 'हे साफ चूक.' 'त्या दिवशी तू झोपलातास.' वाचून गणपतीला हसू आवरायचं नाही. म्हणून त्यानं त्या कॉमेंट तशाच कडेला राहू दिल्या.

मग त्यानं ती फाइल ई-पुस्तकांच्या एका साइटवर चढवली. पडद्यावर चक्र फिरलं आणि 'इम्पोर्ट पूर्ण' अशी हिरवी अक्षरं आली. गणपतीनं लिंक जुन्या कामगारांच्या ग्रुपवर टाकली, आक्काताईला गल्लीत साखर वाटायला पिटाळलं, आणि पुस्तक उघडून बघायचं तेवढं राहिलं. आपणच लिहिलेलं, त्यात काय बघायचं?

ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. नागसेनचा अंगठा काही आला नाही. फोनही नाही. आठवडा उलटला तसा गणपती बेचैन झाला आणि स्कूटर काढून थेट नागसेनच्या गावाला, कसबा सांगावला गेला.

नागसेन घराच्या पुढच्या सोप्यात पंप उघडून बसला होता. मान वर करून म्हणाला, "या, बसा."

गणपतीला ते 'या' खटकलं. आजवर 'ये की मर्दा' सोडून दुसरं काही या घरात त्यानं ऐकलं नव्हतं.

"पुस्तक वाचलंस का न्हाई?"

"वाचलं की. झ्याक हाय तुमचं पुस्तक."

"तुमचं? लेका, आपलं म्हण."

नागसेननं हात पुसले आणि मोबाइल पुढं केला. गणपतीनं पहिला धडा चाळला, दुसरा चाळला. सगळीकडं तो एकटाच बोलत होता. जिथं जिथं नागसेननं त्याला धरून आपटलं होतं, तिथं तो आपल्या चुकीच्या मतावर ऐटीत उभा होता. नागसेनचा एक शब्द कुठं नव्हता.

"मला कडंला ठेवलासा, चाललं," नागसेन म्हणाला. "तिथनंबी काढून टाकलासा?"

"आईशप्पथ, मी हात लावला न्हाई."

"मग काय उंदरानं खाल्लं?"

गणपती स्कूटरला किक मारून परतला. पस्तीस वर्षांचा दोस्त आपल्याला अहोजाहो करतो, याचं त्याला रडू यायचं बाकी होतं. पण घरी पोचेपर्यंत दुसराच किडा वळवळायला लागला. कॉमेंट गेल्या कुठं? कारखान्यात नट हरवला, तर तो मशीनच्या पोटात कुठंतरी असतोच. हवेत विरत नाही.

त्यानं वर्डची फाइल उघडली. तिथं सगळ्या कॉमेंट जागच्या जागी होत्या. म्हणजे घोळ चढवताना झालेला. एका व्हिडिओत त्याला कळलं, की या फाइलच्या नावाचं शेपूट बदलून तिथं 'झिप' लिहिलं की ती पेटीसारखी उघडते. उघडते म्हटल्यावर गणपती थांबतोय होय! आत खणच खण. एका खणात मुख्य मजकूर, एकात चित्रं, आणि एका वेगळ्याच खणात नागसेन, पहिल्या शेऱ्यापासून शेवटच्यापर्यंत. साइटनं मजकूर उचलला, चित्रं उचलली, आणि कॉमेंट म्हणजे कच्च्या कामातली कुजबुज समजून त्या खणाला हातच लावला नव्हता.

"गावलं!" तो एवढ्यानं ओरडला, की आक्काताई पोळपाट टाकून धावत आली. "अवो, आता काय मोडलासा?"

लॅपटॉप काखोटीला मारून तो पुन्हा सांगावला गेला. नागसेननं आधी तोंड फिरवलं. पण तोही मेकॅनिकच, उघडलेली वस्तू समोर आल्यावर किती वेळ लांब राहणार? सरकत सरकत तो जवळ आला. "ह्यो खण कसला? आन् ह्येला मजकुराशी जोडलंय कसं?" दोघं तास दीड तास त्या पेटीत डोकं घालून बसले.

"बघितलंस न्हवं?" गणपती म्हणाला. "मी काढलं न्हाई."

"व्हय. तू काढलं न्हाईस." नागसेननं पडद्यावरच्या त्या खणावर बोट ठेवलं. "पण ह्या खणात मला ठेवलं कुणी?"

साइटला शिव्या घालायची सोय होती, पण खण तिनं निवडला नव्हता. नागसेनचं बोलणं कडेला असलं की मौज वाटायची आणि पुस्तक आपलंच राहायचं, हे आता गणपतीला स्वतःलाच उमगलं. त्याला मनापासून शरम वाटली.

त्यानं पहिल्या पानावर आपल्या नावापुढं नागसेनचं नाव टाइप केलं. मग पहिली कॉमेंट उचलून मजकुरात घालायला लागला.

"थांब," नागसेननं त्याचा हात धरला. "ते तसंच घालू नगंस."

"का रं?"

"कडंला जागा इवलीशी, म्हणून दोन शब्दांत आटपायचो. पुस्तकात बोलायचं तर मला लई बोलायचं हाय, मर्दा."

गणपतीनं कर्सर पहिल्या धड्याच्या पहिल्या ओळीच्याही वर नेला आणि म्हणाला, "सांग."