दर्शनी दार

सामंत मॅडम जुन्या इमारतीत शिरल्या की आधी भिंतीला तळहात लावायच्या, ताप बघावा तसा. मग म्हणायच्या, "बरी आहे." आणि लगेच माझ्याकडे वळून, "तू गं? जेवलीस?"

अंधेरीत आमच्या कंपनीने इंग्रजांच्या काळातला एक विटांचा बंगला ऑफिससाठी घेतला. त्याच्या दुरुस्तीसाठी आर्किटेक्ट म्हणून त्या आल्या. जॉर्जियन धाटणीचं घर. मधोमध दार, वर अर्धगोल काचेची खिडकी, दोन्ही अंगांना सारख्याच उंच खिडक्या. "तोंड बघ कसं नीटस आहे," त्या म्हणायच्या. "उगाच नटत नाही." विटांवर गिलावा करायचं कुणी नाव काढलं, की त्यांचा पारा चढे.

मी तिथे अकाउंट्स बघणार होते. लहानपणापासून माझा एक पाय लुळा; कुबड्यांवर चालते. दारापुढच्या उंच दगडी पायऱ्या बघून मीच म्हटलं, "मला मागचं दार चालेल, मॅडम." मालकांनाही ते पटलं. समोर रॅम्प केला तर शोभा जाईल, म्हणाले.

मॅडमनी अंगणाची मापं घेतली. बरेच दिवस नकाशे काढत आणि खोडत राहिल्या. मग एकदा मालकांना अंगणात बोलावून म्हणाल्या, "अख्खं अंगणच हळूहळू चढवत दारापर्यंत नेऊ. पायऱ्या मातीखाली जातील."

"तुम्ही पायऱ्या बुजवणार? आम्हाला एक वीट हलवू देत नाही तुम्ही!"

"मोडत नाहीये, झाकतेय. पुढे कुणाला हव्या झाल्या तर माती काढा, दगड शाबूत असेल. पण हिला मागच्या दाराने यायला लावणारं घर जपून मी काय करू?"

त्यांच्याच धंद्यातले लोक बोलले, चांगल्या घराची वाट लावलीत. त्या हसून सोडून द्यायच्या. पण माती पडायच्या दिवशी त्या पायऱ्यांपाशी उभ्या होत्या आणि डोळे भरले होते. "फार आवडायच्या गं मला," म्हणाल्या. मग मजुरांना सांगितलं, "टाका."

मॅडम गेल्या वर्षी वारल्या. त्यांचं नाव निघालं की मला ऑफिस सुरू झालं तो दिवस आठवतो. आई आली होती. माझ्याबरोबर शाळा, दवाखाने, कचेऱ्या हिंडलेली. सवयीनेच तिने मॅडमना विचारलं, "मागचो दरवाजो खंय आसा?"

मॅडमही मालवणकडच्याच. "मागसून कित्याक, वयनी? हयसून येवा," म्हणत त्यांनी समोरच्या दाराकडे हात केला.

जन्मभर आई माझ्या मागून चालत आली होती, मी पडले तर धरायला हात पुढे करून. त्या चढावरून ती माझ्या शेजारून चालली. आम्ही दोघी समोरच्या दाराने बरोबरच आत गेलो.